ख्रिस्ती मतदारसंघ : एका संपुष्टात आलेल्या व्यवस्थेचा इतिहास

देवळाली कॅम्पमधील मतदान केंद्रावर आज ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुस्लिम असे सारे शेजारी एकाच रांगेत उभे राहतात आणि मिळून एकच आमदार निवडतात. एके काळी ख्रिस्ती मतदारांची यादीच निराळी असे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

१९३२ च्या ‘जातीय निवाड्या’ने भारतीय ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ते अस्तित्वात आले. मुंबई प्रांताच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी ३ जागा भारतीय ख्रिस्ती समाजाच्या होत्या. १९३७ आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुका ह्याच पद्धतीने झाल्या. ह्या जागांसाठी उमेदवार ख्रिस्ती आणि मतदारही ख्रिस्तीच. त्या यादीतील मतदारास सर्वसाधारण मतदारसंघात मत देता येत नसे. शिवाय मताधिकाराला मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटी असल्यामुळे गोरगरीब भाविक बहुधा त्यापासून वंचितच राहत. समाजाला हक्काचा प्रतिनिधी मिळाला खरा; परंतु इतर आमदारांना ख्रिस्ती मतदारांची फिकीर करण्याचे कारण उरले नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ रद्द करण्याचा निर्णय घेतला. मद्रास व मुंबई प्रांतांत ख्रिस्ती समाजासाठी राखीव जागा मात्र ठेवण्याचे ठरले होते. मे १९४९ मध्ये त्याही सोडण्यात आल्या. समितीचे ख्रिस्ती उपाध्यक्ष डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी आणि मद्रासचे येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा यांनी ह्या निर्णयास पाठिंबा दिला. देशबांधवांच्या सद्भावनेवर विश्वास ठेवून समाजाने राजकीय संरक्षण स्वखुशीने सोडले.

ह्या विश्वासाची एक बाजू अद्याप अपुरी आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आपला देवळाली विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे येथील दलित ख्रिस्ती बांधव मत देऊ शकतो, परंतु ख्रिस्ती म्हणून येथून उमेदवारी करू शकत नाही. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी आज कोणी करत नाही. मागणी आहे ती समान न्यायाची.

मतदानाचा हक्क हे नागरिकाचे कर्तव्यही आहे आणि त्याचा वापर सर्वांच्या हितासाठी व्हावा, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण आहे. आपल्या पूर्वसुरींनी वेगळी यादी सोडली, ती सामाईक यादीत आपले नाव असावे म्हणून. ते नाव तेथे आहे ना, हे प्रत्येक कुटुंबाने अवश्य पाहावे.