कारंजाचं ‘का’ कसं होतं? नोडमधला पहिला वेब सर्व्हर

समजा, वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून तुम्ही सोयाबीनच्या नोंदी मराठीत गोळा केल्या. आता त्या लॅबमधल्या सगळ्यांना ब्राउझरमध्ये दिसायला हव्यात. यासाठी तुमच्या लॅपटॉपवर चालणारा छोटा वेब सर्व्हर पुरतो. इंटरनेट नसलं तरी चालेल, सगळे एकाच वायफायवर असले की झालं.

जावास्क्रिप्ट आपल्याला ब्राउझरमुळे माहीत असते. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोमचं व्ही-८ इंजिन वापरून नोड डॉट जेएस तयार केलं आणि तीच भाषा सर्व्हरवर वापरणं सोपं झालं.

सर्व्हर बनवायच्या पायऱ्या चारच आहेत:

१. नोडमध्ये आधीपासूनच असलेलं एचटीटीपी मॉड्यूल मागवा.
२. ‘क्रिएट सर्व्हर’ला एक फंक्शन द्या. प्रत्येक विनंतीला ते चालतं आणि त्याला दोन गोष्टी मिळतात: रिक्वेस्ट (काय मागितलं) आणि रिस्पॉन्स (काय द्यायचं).
३. हेडरमध्ये मजकुराचा प्रकार आणि ‘यूटीएफ-८’ लिहा, मग ‘एंड’ने उत्तर पाठवा.
४. ‘लिसन’ला पोर्ट द्या, उदा. ३०००.

यूटीएफ-८ लिहिलं नाही, तर ब्राउझर लिपीचा अंदाज बांधतो आणि मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका पुढे आहे.

हेडरमध्ये उत्तराची लांबीही लिहिता येते. बरेच जण तिथे जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ टाकतात. ‘कारंजा’ची लेंग्थ येते ६, कारण काना आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. पण नेटवर्कवरून अक्षरं जात नाहीत, बाइट जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण १८. ब्राउझर सांगितल्याप्रमाणे ६ बाइट वाचतो आणि दाखवतो फक्त ‘का’! एरर सहसा दिसत नाही. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एकच बाइट, त्यामुळे इंग्रजीत चाचणी घेतली तर सगळं बरोबर वाटतं.

उपाय सोपा आहे. पूर्ण उत्तर एकदाच ‘एंड’ला द्या, लांबी नोड स्वतः मोजतो. स्वतःच लिहायची असेल तर ‘बफर’चं ‘बाइट लेंग्थ’ वापरा.

संशोधनात एरर देणारा प्रोग्राम परवडतो. गुपचूप अर्धा डेटा देणारा नाही, कारण त्यावरचे निष्कर्षही चुकतात. म्हणून पहिली चाचणी आपल्याच तालुक्याच्या नावाने, मराठीत घ्या.