सशाच्या पिल्लांची यशोदा



इथे अमेरिकेत आपली मुलं फोर-एच क्लबात जायला लागली, की बऱ्याच घरांत ससे येतात. एके दिवशी मादीला पिल्लं होतात आणि मुलं ओरडत येतात, "बाबा, बारा आहेत!" आनंद होतोच, पण हिशेब जमत नाही. सशाच्या मादीला साधारण आठ ते दहाच सड असतात.

त्यात ती दिवसातून बहुधा एकदाच पाजते, तेही तीन ते पाच मिनिटं. तेवढ्यात दणकट पिल्लं पोट भरून घेतात आणि बारकी ढकलली जातात. एक पाळी हुकली की चोवीस तास उपास. नवं पिल्लू उघडंवाघडं, डोळे मिटलेलं; पोटात दूध नाही तर अंगात ऊब नाही. असं पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावतं. ड्रॉपरनं दूध पाजावं, तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दूधआई, म्हणजे त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी. आम्ही आयटीवाले याला 'लोड बॅलन्सिंग' म्हणू.

पण ती परकं पिल्लू स्वीकारेल का? बहुतेक वेळा हो. सशाची मादी पिल्लं मोजत नाही, चाटून-हुंगून ओळख पटवत बसत नाही. घरट्यावर येते, उभी राहते, पाजते आणि निघून जाते. पिल्लांचाही ठरलेला सड नसतो, पिता पिता ती सड बदलत राहतात. शिवाय मादीच्या दुधातच एक वास असतो. तो आला की पिल्लू तोंडानं सड शोधू लागतं. हे गंधद्रव्य फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये ओळखलं. ते एकाच आईचं खास नसतं, म्हणून पिल्लाला दुसऱ्या आईकडेही सड सापडतो.

आता कृती. दोन्ही घरट्यांतल्या पिल्लांच्या वयात दोन-तीन दिवसांहून जास्त फरक नको. हलवायचं ते पहिल्या तीन-चार दिवसांतच. अनेक जाणकार बारकं पिल्लू न हलवता धष्टपुष्ट पिल्लं हलवतात, कारण नव्या गर्दीत तीच टिकतात. आधी दूधआईला बाजूला ठेवा. पिल्लू गार असेल तर हातात धरून ऊब द्या. मग तिनं स्वतःच्या पोटाचे उपटून अंथरलेले केस त्याच्या अंगावर हलकेच चोळा, त्याला इतरांच्या मधोमध ठेवा आणि वरून तेच केस पांघरा. तासाभरानं मादीला सोडा. ओळखीसाठी कानाच्या आत पेननं खूण करून ठेवा. एक आई आजारी असेल, तर मात्र तिची पिल्लं निरोगी घरट्यात मिसळू नका.

जमलं की नाही, हे दुसऱ्या दिवशी पोट पाहून कळतं. गोल, ताणलेलं पोट म्हणजे दूध मिळालं. सुरकुतलेलं पोट म्हणजे नाही.

यात खरी मेख नियोजनाची आहे. सशाचा गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा. म्हणून अनुभवी लोक दोन माद्या एकाच दिवशी फळवतात, म्हणजे वेळ आली तर दूधआई घरातच असते. संकट आल्यावर शोधायला निघालं, तर पिल्लाकडे तेवढा वेळ नसतो.

एक सावधगिरी. अंगणातल्या गवतात रानसशाची पिल्लं दिसली, तर ती घरच्या मादीखाली ठेवू नका. अमेरिकेतला कॉटनटेल हा वेगळाच ससा आहे. त्याची आईही फक्त संधिप्रकाशात येऊन पाजून जाते; ती दिसत नाही म्हणजे पिल्लं अनाथ आहेत असं नाही. घरटं झाकून ठेवा. पिल्लू जखमी असेल, तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.

मुलांना हे सगळं स्वतःच्या हातानं करू द्या. रोज सकाळी पिल्लांची पोटं तपासण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. भेटूया पुढच्या भागात!