पावसातली मामूंची वाडी

माणगावला एसटी बदलली तेव्हा पाऊस रिपरिप पडत होता. म्हसळा मागे पडलं आणि त्याने असा जोर धरला की खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा. माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, एवढ्या पावसात वाडीत काय बघायचं?" मी गप्प बसले. मी वाडी बघायला नव्हे, तिचा निकाल लावायला चालले होते.

श्रीवर्धनजवळच्या आमच्या आजोळी नानांची नारळी-पोफळीची वाडी आहे, सव्वा एकराची. नाना गेल्यावर ती मामूंनी सांभाळली. दोन वर्षांपूर्वी माझी अम्मी अल्लाहला प्यारी झाली. यंदा जुलैत मामूंचा फोन आला, "वाडीला गिऱ्हाईक आलंय. त्यांना समुद्राजवळ हॉटेल बांधायचंय. तू आणि तुझा भाऊ काय म्हणता ते कळलं पाहिजे. फोनवर नको, ये एकदा." भावाला सुट्टी नव्हती. म्हणून मी मुलांना घेऊन निघाले.

पोफळीखालचा पाऊस

घरी पोहोचलो तेव्हा मुमानींनी गरम सांदणं आणि नारळाच्या दुधातलं सालन पुढे ठेवलं. जोहरची नमाज झाली आणि मामूंनी कुदळ उचलली. "चला, चर तुंबला असेल." वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पायात काही नाही.

वाडीत शिरलो आणि पावसाचा आवाजच बदलला. पत्र्यावर तो ताडताड वाजतो. इथे वर झावळ्यांवर सळसळ आणि खाली थेंबांची टपटप. माडाच्या झावळीवर पडलेलं पाणी पन्हळीतून यावं तसं देठाकडे येतं आणि खोडावरून आळ्यात उतरतं. माडांवर मिरीचे वेल चढलेले, मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, केळी. बांधाला अननस. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशा मिश्र बागेला 'लाखी बाग' हे नाव दिलं. आमच्या नानांना ते नाव ठाऊक नव्हतं, पण मोकळी जागा दिसली की ते तिथे काहीतरी लावायचेच.

"माडाखाली उभे राहू नका," मामूंनी मुलांना दटावलं. "वाऱ्यात सुकी झावळी कधी सुटेल सांगता येत नाही."

चर खरंच तुंबला होता. पोफळीचं हे विचित्र आहे, मामू सांगत होते. उन्हाळ्यात तिला पाणी कमी पडून चालत नाही आणि पावसाळ्यात ते मुळाशी साचून चालत नाही. मुलांनी हाताने पालापाचोळा ओढला, मामूंनी दोन घाव घातले आणि तांबडं पाणी खळखळत ओढ्याकडे पळालं. मघाशी कंटाळलेली माझी लेक गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून हसत होती.

पुढे एका पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला होता. मामूंनी दोन उचलून दाखवल्या. देठाशी काळपट, वर पांढुरकी बुरशी. हा कोळेरोग. सतत पाऊस आणि ओल असली की तो पसरतो. त्यासाठी पावसाआधीच घडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मग साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी. काहीजण घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्याही बांधतात. "दुसऱ्या फवारणीसाठी उघडीप शोधतोय," मामू म्हणाले, "पण यंदा आभाळ मोकळं व्हायलाच तयार नाही." गळलेल्या सुपाऱ्या गोळा करून त्यांनी पिशवीत भरल्या. त्या तिथेच राहू दिल्या तर रोग वाढतो.

3 जून 2020

वाडीच्या पश्चिम कोपऱ्यात आलो आणि अचानक आभाळ दिसलं. इथली झाडं ठेंगणी होती.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या याच किनाऱ्यावर आदळलं. लॉकडाऊनचे दिवस होते. आम्ही मुंबईत, फोन बंद. तीन दिवसांनी मामूंचा आवाज ऐकला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "माणसं सलामत आहेत, अल्हम्दुलिल्लाह." वाडीबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी काय झालं ते आज पहिल्यांदा सांगितलं.

"दुपारी दोन-तीन तास. पोफळी बारीक, काडीसारख्या मोडल्या. चारशेच्या वर होत्या, साठ उरल्या. माड पंचेचाळीस होते, त्यातले एकोणीस राहिले. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, बाय. माडा-पोफळीचं तसं नाही. त्याला एकच डोकं. शेंड्यातला कोंब गेला की सगळं झाड गेलं. काही माड उभे दिसायचे, मला वाटायचं वाचले. दोन-चार महिन्यांनी त्यांचाही शेंडा वाळला."

आडवी खोडं तोडून बाहेर काढण्यातच तो पावसाळा गेला. लोक म्हणाले, आता पोफळी पुन्हा लावू नका, फळ बघायला पाच-सात वर्षं लागतात, तुमचं वय काय. त्यात आणखी एक अडचण. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही आणि सावली देणारी झाडंच पडलेली. मामूंनी आधी केळी लावल्या. केळी वर आल्या आणि 2021 च्या पावसात त्यांच्या सावलीत सुपारीची रोपं बसवली. त्यातल्या काही रोपांना यंदा पहिला घड आला आहे. एका रोपावर मी मोजल्या, जेमतेम अकरा सुपाऱ्या होत्या.

"तेव्हा तुम्हाला वाटलं नाही, हे कोण खाणार म्हणून?" मी विचारलं.

"कोणीतरी खाईल. माणूस नाही तर पाखरू. लावणाऱ्याला त्याचा सवाब मिळतो, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो."

वहीतला हिस्सा

परतताना मामू एका उंच माडापाशी थांबले. बुंध्यापासून वरपर्यंत चढण्यासाठी खाचा कोरलेल्या होत्या. "या तुझ्या नानांनी पाडलेल्या." माडाची जखम कधी भरून येत नाही. त्याचं खोड इतर झाडांसारखं जाड होत जात नाही आणि खालून उंचही होत नाही, तो वाढतो फक्त शेंड्याला. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची खाच त्याच उंचीवर तशीच आहे. माझ्या मुलाने तिच्यात हात घालून बघितला.

घरी आल्यावर मामूंनी कपाटातून एक जाड वही आणि सातबाऱ्याचा उतारा काढला. उताऱ्यावर अम्मीचं नाव होतं. नाना गेल्यावर लोकांनी मामूंना सांगितलं होतं, बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाक. त्यांनी घेतलं नाही. नानांच्या मागे एक मुलगा, एक मुलगी. शरियतने दोन हिस्से भावाचे, एक बहिणीचा. मामूंनी तसंच वहीत लिहिलं. दरवर्षी विकलेले नारळ, सुपारी, मजुरी, खत, आणि खर्च वजा जाता अम्मीचा तिसरा हिस्सा. आमच्या घरी दर हिवाळ्यात नारळांचं पोतं आणि पैशांचं पाकीट यायचं. मी इतकी वर्षं ते भावाचं प्रेम समजत होते. ते प्रेम होतंच, पण तो अम्मीचा हक्कही होता आणि मामूंनी तो कधी उपकार म्हणून दिला नाही.

2020 च्या पानावर अम्मीच्या नावापुढे शून्य होतं. 2021 ला शून्य. त्या दोन्ही वर्षी पाकीट मात्र आलं होतं.

"माझी मुलं कुवेतला आहेत, ती म्हणतात विका," मामू म्हणाले. "माझं मन नाही. पण तुझ्या अम्मीचा हिस्सा आता तुम्हा दोघांचा. तुम्हाला विकायचा असेल तर मी अडवणार नाही. बाजारभावाने मीच घेईन, थोडे थोडे करून देईन."

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला पैसे लागणार आहेत, मुलीचं कॉलेज आहे. माझा हिस्सा मामूंनी घ्यावा. पण हॉटेलवाल्याला नको." त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या घरची गरज वेगळी. माझ्या वाट्याला अख्ख्या वाडीचा नववा हिस्सा येतो. तो मी ठेवला. मात्र मामूंना सांगितलं, यापुढे खर्चाच्या पानावरही माझं नाव लिहा. दुसऱ्या फवारणीपासून सुरुवात करा.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, आपल्यातल्या कितीतरी घरांत आजोळची वाडी, शेत किंवा घर आहे. तिथल्या सातबाऱ्यावर आपल्या आईचं, फुप्पीचं, बहिणीचं नाव आहे का, हे एकदा उघडून बघा. नसेल तर भांडण नको, पण विचारायला संकोचही नको. आणि जे भाऊ देणारे आहेत त्यांनी हिशोब लिहून ठेवावा. आठवण विसरते, वही विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना थोडी उघडीप झाली. मामू आम्हाला सोडायला एसटी स्टँडवर आले नाहीत. मुमानी म्हणाल्या, "ते पहाटेपासून मोरचूद भिजवून बसलेत. आभाळाचा भरवसा नाही."

मुलांच्या पिशवीत दोन उगवलेले नारळ होते, कोंब आलेले. आमच्या सोसायटीच्या मागे थोडी माती आहे. लेक म्हणते, तिथे लावू.