आद्याक्षरे सारखी, अर्थ निराळे

इंग्रजी शब्दकोशात 'डी' आणि 'ई' या अक्षरांनी सुरू होणारे डिव्हॅल्युएशन, डेप्रिसिएशन, डिफ्लेशन हे शब्द एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. तिघांच्याही आरंभी 'खाली' असा भाव सुचविणारा लॅटिन उपसर्ग आहे. त्यामुळे काहीतरी घटले, एवढे वाचकाला चटकन उमगते. परंतु काय घटले आणि कोणी घटविले, हे विचारण्याचे भान राहत नाही. उत्तरपत्रिकेत या गफलतीने चार गुण जातात. व्यवहारात त्याहून अधिक जाते.

डिव्हॅल्युएशन म्हणजे अवमूल्यन. ते शासन जाणूनबुजून करते. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा अधिकृत दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. तो निर्णय सरकारचा होता आणि टीकाही सरकारवरच झाली. जुलै १९९१ मध्ये पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. १९९३ पासून मात्र रुपयाचा दर मुख्यतः बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरतो. तेथे होणारी घसरण म्हणजे डेप्रिसिएशन. तिलाही सर्रास अवमूल्यन म्हटले जाते आणि सरकारी निर्णय व बाजारातील चढउतार यांतील भेद पुसला जातो. हाच शब्द हिशेबाच्या वहीत शिरला की त्याचा अर्थ होतो घसारा : यंत्राची किंमत त्याच्या उपयोगाच्या वर्षांवर खर्च म्हणून वाटून टाकणे.

पगारदारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गल्लत पुढचीच आहे. डिफ्लेशन म्हणजे सर्वसाधारण किंमतपातळीच खाली येणे. स्वस्ताई म्हणून ते सुखाचे वाटते. पण १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा सावकाराच्या वहीतील रुपये तेवढेच राहिले आणि ते फेडण्यासाठी शेतकऱ्याला अधिक धान्य, अधिक कापूस विकावा लागला. याउलट डिसइन्फ्लेशन म्हणजे भाववाढीचा केवळ वेग मंदावणे. शंभर रुपयांची वस्तू एका वर्षी दहा टक्क्यांनी महागली, तर ती ११० रुपयांना मिळेल. दुसऱ्या वर्षी दर पाच टक्क्यांवर आला, तरी तिला ११५ रुपये ५० पैसे मोजावेच लागतील. 'महागाई निम्म्यावर' हे वृत्त खोटे नसते. किराणा मालाचे वाढलेले बिलही खोटे नसते. ज्याला हा भेद ठाऊक नाही, तो एक तर आकड्यांना लबाड ठरवितो, नाही तर स्वतःच्या अनुभवावर अविश्वास दाखवितो. महागाई भत्त्याची मागणी मांडणाऱ्याला यांपैकी काहीच परवडणारे नाही.

डेफिसिट आणि डेट यांचेही तसेच आहे. पहिली एका वर्षाची तूट, दुसरे साचत आलेले कर्ज. तूट कमी झाली म्हणून कर्ज कमी होत नाही. ते फक्त अधिक सावकाश वाढते.

या ठिकाणी मराठी उपयोगी पडते. अवमूल्यन, घसरण, घसारा, तूट, कर्ज हे शब्द आद्याक्षरांच्या साम्याने फसवीत नाहीत. वर्गात इंग्रजी संज्ञेबरोबर मराठी शब्द आणि एक साधे उदाहरण दिले गेले, तर विद्यार्थ्याचे पाठांतर कमी होईल. त्याहून मोठा लाभ म्हणजे, उद्या तोच विद्यार्थी नागरिक म्हणून अर्थसंकल्पावरील भाषण ऐकताना नेमका प्रश्न विचारील : घटले ते काय, पातळी की वेग?