उडीपेक्षा कळ मोठी

मक्याच्या दाण्यांवरचे जांभळे ठिपके पाहून जनुके जागा बदलतात, उड्या मारतात हे ओळखणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांची गोष्ट वाचकांना पाठ असेल, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. १९८३ च्या नोबेल व्याख्यानात मात्र त्यांचा रोख ठिपक्यांपलीकडे होता. अनपेक्षित धक्का बसला की वनस्पतीचा जनुकसंच काय करतो, हा त्यांचा प्रश्न. त्या व्याख्यानाची झेरॉक्स आमच्या विभागात हातोहात फिरली. वनस्पतिशास्त्र शिकवायला कारण सापडले, असे मला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते.

मधल्या काळाचे थोडक्यात. व्याख्यानाआधीच, १९८० मध्ये, ऑर्गेल आणि क्रिक यांनी ‘स्वार्थी डीएनए’ची कल्पना मांडली आणि उड्या मारणारी जनुके बराच काळ अडगळीत जमा झाली. १९८९ मध्ये तंबाखूत टीएनटी-१ हा असाच उडणारा घटक सापडला. जखमेने, रोगजंतूंनी तो जागा होतो. १९९६ मध्ये भातातला टॉस-१७ ऊतिसंवर्धनात जागा होताना दिसला. यादी पुढे लांबत गेली, पण ‘ताण दिला, घटक जागा झाला’ एवढ्यावर माझे समाधान कधीच झाले नाही. जागा कसा झाला, हे कोणी सांगेना.

ते सांगितले अ‍ॅराबिडॉप्सिसमधल्या ऑन्सेनने. या इवल्या रोपाला ३७ अंशांची ऊब दिली की हा रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे आपली आरएनए-प्रत काढून नव्या जागी बसणारा घटक, खडबडून उठतो. उष्णतेपासून बचावासाठी रोप जी प्रथिने कामाला लावते, तीच ऑन्सेनच्या टोकावर जाऊन बसतात. म्हणजे रोपाच्याच संरक्षणव्यवस्थेची कळ या घटकाने स्वतःपाशी बसवून घेतली आहे. आणि तो नव्या जागी जाऊन बसला, तर शेजारचे जनुकही उष्णतेला प्रतिसाद देऊ लागते! माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. उडी ही एकदाची घटना. मागे राहिलेली कळ पिढ्यान्‌पिढ्या दाबली जाते.

याचे सर्वांत देखणे उदाहरण सिसिलीत एटनाच्या परिसरात पिकते. साध्या संत्र्यातही रुबी नावाचे जनुक असते, पण फळात ते गप्प असते. रक्तवर्णी संत्र्यात त्याच्यालगत एक रेट्रोट्रान्सपोझॉन येऊन बसला आहे. रात्री गार पडल्या की त्याची कळ दाबली जाते, रुबी कामाला लागते आणि गर लालभडक होतो. कॅथी मार्टिन यांच्या गटाने हे २०१२ मध्ये उलगडले. चीनमधल्या एका रक्तवर्णी जातीत अशीच घटना स्वतंत्रपणे घडल्याचेही त्यांनी दाखवले. उबदार रात्रींच्या प्रदेशात हीच झाडे लावली तर रंगाचा भरवसा नसतो. थंडी, कळ आणि रंग यांचा इतका सरळ धागा मला दुसरीकडे कुठेही भेटलेला नाही.

अशा कळा भातातही बसतात. जपानी भाताच्या गिंबोझू या जुन्या वाणात एम-पिंग नावाचा घटक दर पिढीला एकेका रोपात सुमारे ४० नव्या जागी बसतो. बहुतेक उड्या निरुपद्रवी असतात, पण काही जनुके त्यामुळे थंडीला किंवा क्षारांना प्रतिसाद देऊ लागतात.

हे वाचून काही विद्वान म्हणतात, की संकट आले की वनस्पती जाणूनबुजून जनुके हलवते. हे मला मान्य नाही. ऊब दिलेल्या निरोगी अ‍ॅराबिडॉप्सिसच्या संततीत ऑन्सेनच्या नव्या प्रती सापडत नाहीत. ज्या रोपांत अशा घटकांना गप्प ठेवणारा लहान आरएनएंचा पहारा मोडलेला असतो, त्यांच्याच संततीत त्या दिसतात. वनस्पतीला उड्या हव्याच असत्या, तर तिने एवढा कडक पहारा कशाला ठेवला असता?

ही गोष्ट कळली ती कोणीतरी तापवलेल्या रोपांचे बी धरले, पेरले आणि पुढची पिढी तपासली म्हणून. आज आमच्याकडे हेच होईनासे झाले आहे. रोपाला ताण द्यायचा, पान खुडायचे, आरएनए बाहेर पाठवायचा आणि आलेल्या फाइलवर निबंध लिहायचा. घटकाचा आरएनए वाढला म्हणजे तो उडाला, असे बिनदिक्कत छापले जाते. अनेक महाविद्यालयांतली काचघरे मोडकळीला आली आहेत आणि बी पेरून पुढच्या हंगामाची वाट पाहायला विद्यार्थ्याला मुदतच दिली जात नाही. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना माझे एवढेच सांगणे आहे, की ताण दिलेल्या रोपांना निदान फुलू द्या आणि त्यांचे बी जपून ठेवा.