मेस्त्रीचा होकार

आपण धान्याचे व्यापारी अडत, हमाली, तोलाई यांचा हिशेब पैपैचा ठेवितो. परंतु ज्या चाकांवरून आपला माल जातो, ती चाके फिरती ठेवणाऱ्या ट्रक-मेस्त्रीचे नाव आपल्या खतावणीत क्वचितच आढळते. त्याच्या ऋणाची ही अल्पशी नोंद.

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. तो सहयोग १९६९ साली संपला; परंतु त्या गाड्यांवर हात बसलेल्या मेस्त्रींची एक पिढी गावोगावी तयार झाली. गॅरेज हीच त्यांची शाळा. पाने पुसता पुसता, सुटे भाग डिझेलने धुता धुता कान असा तयार होई की, नुसत्या आवाजावरून नोझल बिघडले की टॅपेट ढिले झाले, हे मेस्त्री सांगे.

१९९४ सालची गोष्ट. चतुर्थी तोंडावर आली होती आणि बेळगावहून फोंड्यास तांदळाची गाडी तातडीने धाडावयाची होती. मेस्त्रीने मागचे ड्रम उघडले आणि म्हणाला, "शेठ, लायनर रिवेटापर्यंत झिजलेत. आज गाडी घाटात घालू नका. उद्या दुपारपर्यंत करून देतो." गिऱ्हाईक हातचे जाईल या भयाने मी ऐकिले नाही, उलट नेमापेक्षा वीस पोती अधिक चढविली.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो आणि लायनरची पकड सुटते. म्हणून गाडी खालच्या गियरमध्ये, इंजिनाच्या रोधावर उतरवावी लागते. भार वाढला की उष्णताही वाढते. अनमोड घाटात त्या पावसात तेच घडले. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून दरी टळली. त्याचा हात मोडला; पोती भिजली.

निरोप मिळताच तोच मेस्त्री जॅक, पाने आणि नवे लायनर घेऊन रात्री घाटात गेला. चिखलात गाडीखाली पडून पहाटेपर्यंत त्याने ती चालती केली. मजुरी नेहमीचीच घेतली आणि "मी सांगितले होते" असा एक शब्दही उच्चारिला नाही. त्याचे ते मौन मला आजही बोचते. त्या दिवसापासून मेस्त्रीच्या होकाराशिवाय माझ्या दुकानची गाडी निघत नाही.

२०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढविली खरी. परंतु कागदावरील परवानगीने झिजलेले लायनर जाड होत नाही. त्यातच १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. नव्या जड गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी आली, सेन्सर आले. बिघाड शोधण्यास संगणक जोडावा लागतो. आता केवळ कानावर भागत नाही. आणि ग्रीसने माखणारे हे काम शिकावयास मुलेही सहजी येत नाहीत.

म्हणून व्यापारी बंधूंस नम्र विनंती की, मेस्त्रीची मजुरी थकवू नये. त्याच्या हाताखालच्या मुलास आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करण्यास साहाय्य करावे. आणि तो "नको" म्हणेल त्या दिवशी गाडी उभी ठेवावी. एका दिवसाचे भाडे बुडेल, पण ड्रायव्हर सुखरूप घरी पोहोचेल. हा सौदा तोट्याचा नव्हे.