लाली का पसरते?

हाताच्या आतील कातडीवर बोथट टोकाने जोराने रेघ ओढली, की क्षणार्धात तेथे तांबडी रेघ उमटते. मग तिच्या दोन्ही बाजूंस, जेथे टोकाचा स्पर्शही झालेला नसतो तेथे, लाली पसरते. आणि आघात पुरेसा असल्यास काही मिनिटांत वळ उठतो. लंडनचे वैद्यक-संशोधक सर टॉमस ल्यूइस यांनी या तीन खुणांची साक्षेपी मीमांसा १९२७ साली ग्रंथरूपाने मांडली.

रेघेचा व वळाचा उलगडा सोपा आहे. कातडीतील रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी असतात. त्यांच्या कणांत साठलेले हिस्टामीन आघाताने बाहेर पडते. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि कातडी फुगते.

परंतु ज्या कातडीला धक्काच लागला नाही, ती लाल का व्हावी? हे काम मज्जातंतूंचे. हिस्टामीनने चेतवलेला संदेश तंतूवरून मज्जारज्जूकडे निघतो; पण वाटेत तंतूला फाटे असतात, आणि त्यांवरून तोच संदेश उलट कातडीकडे वळतो. तेथे तंतूंच्या टोकांतून 'सबस्टन्स पी'सारखी द्रव्ये स्रवतात. ती रक्तवाहिन्या रुंदावतात, शिवाय मास्ट पेशींना डिवचून आणखी हिस्टामीन सोडावयास लावतात. या साऱ्यात मेंदूची आज्ञा लागत नाही. म्हणूनच मज्जातंतू मुळाशी तोडला, तरी त्याची टोके झिजून जाईपर्यंत काही दिवस लाली उमटतच राहते. उलट, कातडी औषधाने बधिर केल्यास वळ उठतो, पण लाली पसरत नाही.

या ज्ञानाचा उपयोग कुष्ठरोगाच्या निदानात झाला. या रोगाचे जंतू मज्जातंतूंवरच घाला घालतात. संशयित चट्ट्यावर हिस्टामीनचा थेंब ठेवून सुई टोचली असता वळ येतो. मात्र भोवतीची लाली उमटत नाही, किंवा अगदी अंधूक उमटते. सावळ्या वर्णावर लाली ओळखणे कठीण, ही या कसोटीची मर्यादा. तेथे चट्ट्यावरील स्पर्शज्ञानाची तपासणीच महत्त्वाची ठरते. वेळीच निदान झाल्यास बहुविध औषधांच्या उपचाराने हा रोग बरा होतो व पुढचे व्यंग बहुधा टळते; परंतु एकदा नष्ट झालेली संवेदना सहसा परतत नाही.

म्हणून न दुखणारा, न खाजणारा चट्टा निरुपद्रवी समजून सोडून देणे धोक्याचे. कातडीची आग आणि लाली त्रासदायक खरी. पण तेथील मज्जातंतू जागे असल्याची ती ग्वाहीही असते.